तोरणमाळची शेगडी

सातपुड्याच्या माथ्यावरील तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1150 मीटर उंचीवर असून, खाली शहाद्याच्या सपाटीत पौषातील सकाळ केवळ आल्हाददायक वाटत असते तेव्हा या पठारावर तीच सकाळ हाडांपर्यंत पोहोचते. आणि पश्चिमेकडे अक्कलकुवा तालुक्यातील डाबच्या परिसरात तर कडाक्याच्या थंडीत गवतावरचे दवबिंदू गोठून पांढरे झाल्याचे वृत्त अधूनमधून वर्तमानपत्रांतही येते. अशा हवेत लहान मुलांच्या वसतिगृहास सर्वात मोठी विवंचना असते ती आंघोळीच्या पाण्याची. भाकरी आणि डाळ कशीही शिजते. परंतु पहाटेच्या अंधारात इतक्या मुलांना पुरेल एवढे पाणी तापवायचे म्हणजे लाकडाचा भारा जळतो, आणि ते लाकूड आसपासच्या रानातूनच डोक्यावर वाहून आणावे लागते. निवृत्तीनंतर, ज्या वसतिगृहाच्या मुलांना मी विज्ञान शिकवीत असे, त्याच्या स्वयंपाकघरातील धूर पाहून मन विषण्ण होई. कारण तो धूर ज्यांच्या डोळ्यांत आणि छातीत जात होता, त्या स्वयंपाकीण मावशींचे उभे आयुष्य चुलीपुढेच गेले होते.

म्हणून संस्थेच्या चालकांनी खालच्या मुलखातील एका बंद पडलेल्या उपाहारगृहाच्या सामानाच्या विक्रीतून कांड्यांवर चालणारी एक मोठी पोलादी शेगडी अल्प किमतीत घेतल्याचे कळले, तेव्हा मला मनापासून समाधान वाटले. राणीपूरमार्गे सात पायरीचा घाट चढून ती वर आली खरी, पण तिच्यासोबत ना माहितीपुस्तिका होती, ना तारांचा नकाशा, ना मूळ खरेदीची पावती. पूर्वीच्या मालकाने तिच्यात कोणते फेरफार केले होते याचा कोणताही दस्तऐवज नव्हता. जुनी वस्तू स्वस्त मिळते ती एवढ्याचसाठी की तिचा पूर्वेतिहास शोधून काढण्याचे श्रम घेणाऱ्याच्या माथी येतात, आणि ते श्रम करणारा कोणी जवळपास असेल तरच तो व्यवहार किफायतीचा ठरतो.

ज्यांनी अशी शेगडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी तिची रचना सांगणे अगत्याचे आहे. लाकडाचा भुसा, भुईमुगाची टरफले, उसाचे चिपाड किंवा कापसाच्या पऱ्हाट्या दळून, प्रचंड दाबाखाली त्यांच्या बोटाएवढ्या जाडीच्या किंवा त्याहूनही बारीक कांड्या करतात. अमेरिकेच्या वायव्य भागात, 1980च्या दशकाच्या आरंभी, जेरी व्हिटफील्ड नावाच्या विमान-अभियंत्याने घर उबदार ठेवण्यासाठी अशा कांड्यांची शेगडी प्रचारात आणली. आपल्याकडे मात्र हा विषय घर तापविण्याचा नसून अन्न शिजविण्याचा होता, आणि त्या अंगाने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ज्वलनशास्त्राचे मोलाचे संशोधन झाले. या शेगडीत कांड्या भरून त्या वरच्या बाजूने पेटवितात. तळाशी बसविलेला छोटा पंखा थोडी हवा खालून इंधनात सोडतो, तिच्यामुळे कांड्या पूर्णपणे न जळता त्यांचा ज्वलनशील वायू होतो, आणि उरलेली हवा काठाजवळच्या छिद्रांतून येऊन त्या वायूस जाळते. एक किलो गॅसची उष्णता मिळविण्यास साधारणतः तीन किलो कांड्या लागतात. पण धूर जवळजवळ नाहीसा होतो. याचा अर्थ असा की पंखा हा या शेगडीचा अलंकार नसून अर्धा विस्तव आहे. पंखा थांबला की तिच्यापेक्षा मातीची चूल बरी, कारण चुलीला निदान मोकळी हवा तरी मिळते. इथे मात्र कोंडलेला, विषारी धूर खोलीत भरतो.

आणि नेमका तो पंखाच फिरेना. कळ दाबली तरी दिवा लागत नव्हता, आवाज येत नव्हता, काहीच नव्हते.

अशा वेळी सगळे स्क्रू एकदम सैल करून शेगडीचे अवयव जमिनीवर मांडण्याचा मोह अनेकांना होतो. मी मुलांना वर्गात नेहमी सांगत आलो त्याप्रमाणे, वीज ज्या दिशेने जाते त्याच दिशेने आपणही जावे, आणि एका ठिकाणची खात्री पटल्याखेरीज पुढचे पाऊल टाकू नये, हा क्रम मी धरला. प्रथम भिंतीवरील सॉकेट तपासले. तिथे वीज होती. मग चार्जर तपासला. तोही शाबूत होता. बॅटरी मात्र निश्चितपणे मृत होती. बारा व्होल्टची शिशाची बॅटरी पूर्ण भरलेली असता साडेबाराच्या वर दाखविते. ही कित्येक महिने रिकामी पडून राहिल्याने तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमले होते, आणि अशी बॅटरी कितीही वेळ चार्जरला लावून ठेवली तरी तिच्यात पुन्हा जीव येत नाही. वसतिगृहातील सौर दिव्याची त्याच मापाची बॅटरी काढून तिच्या जागी बसविली, आणि आता काम झाले अशी सर्वांचीच खात्री झाली.

पंखा तरीही फिरला नाही. पंखा सोडवून त्याच्या तारा थेट बॅटरीला लावल्या, तर तो उत्तम फिरला. मग शेगडीतून पंख्याकडे येणाऱ्या तारांची मोकळी टोके मीटरने मोजली, तर तिथे साडेबारा व्होल्ट दिसले. बॅटरी चांगली, पंखा चांगला, आणि पंख्याच्या दारापर्यंत विजेचा दाबही पोहोचलेला. पण दोन्ही जोडताच सर्व निश्चल. काच-नळीचा फ्यूज काढून उजेडात धरला, त्याची तार अखंड होती. हा प्रसंग मी आजही विज्ञानाच्या प्रत्येक शिक्षकाने वर्गात मांडावा अशा योग्यतेचा मानतो, कारण दाब आणि प्रवाह या दोन गोष्टी भिन्न आहेत हे फळ्यावर जितके शिकविता येते त्याच्या दसपटीने ते इथे शिकविता येईल.

त्या दिवशी धडगावहून एक तरुण कारागीर विहिरीच्या पंपाची मोटार पाहण्यास आला होता. शेतीपंपांच्या मोटारींचे वायंडिंग करणे हा त्याचा व्यवसाय; शिक्षण बेताचे, पण हाताला विलक्षण जाण. माझ्या मीटरकडे पाहून तो आदराने म्हणाला, "सर, मीटर काही ओढत नाही. भार लावून बघा." आणि त्याने पिशवीतून मोटारसायकलच्या इंडिकेटरचा बल्ब काढला, ज्याला दोन लांब तारा डाग देऊन जोडलेल्या होत्या. त्याच्या त्या एका वाक्यात साऱ्या कोड्याची उकल होती. चांगल्या डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध सुमारे एक कोटी ओहम असतो, म्हणून बारा व्होल्टवर त्यातून अँपिअरचा दहा लक्षांश भाग एवढाच प्रवाह जातो. तारेच्या मार्गात कुठे शेकडो ओहमचा अडथळा असला, तरी इतक्या क्षीण प्रवाहाला तो जाणवतच नाही, आणि मीटर पूर्ण दाब दाखविते. एकवीस वॉटचा बल्ब मात्र पावणेदोन अँपिअर मागतो, आणि ते मिळाले नाहीत तर तो पेटत नाही.

आम्ही दोघे शेगडीपाशी बसलो. पंख्याच्या तारांवर बल्ब अंधारा. कळीच्या पुढच्या बाजूला अंधारा, मागच्या बाजूलाही अंधारा. म्हणजे कळ निर्दोष असो वा नसो, दोष तिच्याही अलीकडे होता. बॅटरीच्या टोकांवर लख्ख. फ्यूज ज्या घरात बसतो त्याच्या बॅटरीकडील टोकावर लख्ख, आणि त्याच घराच्या दुसऱ्या टोकावर अंधारा. बोटाच्या पेराएवढ्या त्या अंतरात सगळा घोटाळा होता. फ्यूज अखंड होता, पण त्याला धरणारी पितळी चिमटी आतून हिरवट जंगालाने लिंपली गेली होती. लाकडाच्या धुरातून जी वाफ निवते तिच्यात व्हिनेगरमध्ये असते तेच आम्ल असते. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ठेवलेले ताक जसे कळकते, तसेच हे पितळ वर्षानुवर्षे त्या आंबट धुरात कळकत राहिले होते. ज्याने शेगडी बांधली त्याने फ्यूजचे घर धुराड्याच्या तोंडाजवळ, सोयीचे वाटले तिथे, बसविले असावे. एवढ्याशा गोष्टीवरून एक धडधाकट यंत्र भंगाराच्या वाटेला लागले होते, याचे मला अतीव दुःख वाटले.

घासून स्वच्छ करण्याने काही दिवस निभावले असते. पण आम्ही ते घरच काढून टाकले आणि नवे, झाकणाचे, शेगडीच्या बाहेरच्या अंगाला, धुरापासून दूर बसविले. पंखा फिरला. मावशींनी कांड्या भरल्या, वर थोडी सुकी काटकी ठेवून पेटविल्या, आणि काही वेळाने काठाच्या छिद्रांपाशी ज्योतींचे कडे उभे राहिले तेव्हा त्या पदर नाकाशी न धरता भांड्यात वाकून पाहू लागल्या. "गुरुजी, आता ही बंद पडली तर कोण बघणार?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता, आणि तो अत्यंत रास्त होता. राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम 1983-84 पासून 2002 पर्यंत चालला आणि त्याअंतर्गत देशभर सुमारे साडेतीन कोटी निर्धूर चुली बसविल्या गेल्या. त्यांपैकी असंख्य चुली पुढे अडगळीत गेल्या, कारण चूल देण्याची तजवीज होती, पण ती मोडल्यावर हात लावणाऱ्या माणसाची तजवीज गावोगावी नव्हती. डोंगरातल्या माणसांना नवे यंत्र नको असते, हा सपाटीवर रूढ असलेला समज मला सर्वस्वी अन्यायाचा वाटतो. त्यांना बंद पडणारे आणि दुरुस्त न होणारे यंत्र नको असते.

मावशींच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीवर जाड पुठ्ठ्यावर तारांचा नकाशा काढून लावला आहे, त्यात फ्यूजची जागा लाल शाईने दाखविली आहे. दोन-चार जादा फ्यूज डब्यात आहेत, आणि त्या कारागिराच्या बल्बसारखाच एक बल्ब खिळ्याला टांगला आहे. दहावीतील दोन मुली तो वापरून बॅटरीपासून पंख्यापर्यंतचा मार्ग बिनचूक तपासू शकतात. बॅटरी उन्हाळ्याच्या सुट्टीत रिकामी पडू नये म्हणून ती छपरावरील सौर पट्टीला कायमची जोडली आहे. कांड्यांची मागणी मात्र पावसाळ्यापूर्वीच नोंदवावी लागते. ओल लागली की कांडी फुगून तिचा पुन्हा भुसा होतो, आणि आषाढात घाटाच्या रस्त्याचा भरवसा धरता येत नाही.