चौघींचे तंजावर

तंजावरला जायचे ठरले तेव्हा आमच्या खजिनदारीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "तिथे आहे काय?"

प्रश्न वाजवी होता. डिसेंबरात चार दिवसांची रजा मिळालेली, घरची मंडळी आपापल्या जेवणाची सोय करायला राजी झालेली. अशा वेळी शहाणी माणसे महाबळेश्वरला जातात, फार तर जयपूरला. हजार किलोमीटरांहून लांब जाऊन एक देऊळ, एक राजवाडा आणि एक ग्रंथालय पाहायचे, ही कल्पना माझी. मराठीच्या प्राध्यापिकेच्या सगळ्या कल्पना शेवटी एखाद्या ग्रंथालयाच्या पायरीवर जाऊन बसतात, असा माझ्यावर जुना आरोप आहे.

आम्ही चौघी. पुण्याच्या वसतिगृहात एका खोलीत दोन वर्षे काढली, त्या भांडवलाच्या व्याजावर पुढची पंचवीस वर्षे चालली आहेत. नावे सांगत नाही, कारण हा अंक चौघींच्याही घरी येतो. खजिनदारीणबाई बँकेत आहेत आणि मूळच्या सांगलीच्या आहेत. या दोन्ही गोष्टी त्या दिवसातून दोनदा तरी सांगतात. डॉक्टरीणबाई डोळ्यांच्या. तिसरी लग्नानंतर बंगळूरला गेली ती तिथलीच झाली, म्हणून बंगळूरकरीण. चौथी मी.

चेन्नईहून रात्रीच्या गाडीने निघालो. दशम्या झाल्या, लसणाची चटणी झाली, डब्यातल्या एका तमिळ कुटुंबाशी इडलीच्या मोबदल्यात दशमीचा व्यवहारही झाला. दिवे मालवायच्या सुमारास मी बंगळूरकरणीला सहज विचारले, "या वर्षी चिरंजिवांना कुठलं पुस्तक पाठवू?"

तिचा मुलगा चौदा वर्षांचा. त्याच्या प्रत्येक वाढदिवसाला मी एक मराठी पुस्तक पाठवते. ती उशी सारखी करीत म्हणाली, "आता नको पाठवूस. वाचत नाही तो. मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो. कपाटात तुझी नऊ पुस्तकं आहेत. पाहिली की मलाच परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटतं."

यावर बोलण्यासारखे पुष्कळ होते. माझ्या धंद्यातच ते बोलण्याचा पगार मिळतो. पण डॉक्टरीणबाईंनी खालच्या बाकावरून माझ्या पायाला चिमटा काढला, आणि मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतले.

सकाळी तंजावर. स्टेशनाबाहेर कॉफीचा वास, फुलांच्या माळा, सायकली, रिक्षांचा गलबला. आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याच्या गावासारखेच गाव. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे १६७५-७६ च्या सुमारास या गावाचे धनी झाले, आणि १८५५ साली शेवटचा राजा पुत्र नसताना वारला तेव्हा कंपनी सरकारने ते राज्य गिळले. म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ कावेरीच्या या खोऱ्यात मराठी राज्य होते. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत त्याला एखादा परिच्छेद मिळतो, तोही बहुधा "दक्षिणेकडील इतर घडामोडी" या मथळ्याखाली.

राजवाडा पाहताना खजिनदारीणबाईंचे लक्ष पडझडीच्या दुरुस्तीला किती खर्च आला असेल इकडेच होते. ते सोडून देते. सरस्वती महाल ग्रंथालय मात्र सोडवत नाही. पोथ्या आत, संशोधकांसाठी. तुमच्याआमच्यासाठी बाहेर एक लहानसे संग्रहालय आहे. हस्तलिखितांत संस्कृत आणि तमिळ तर आहेतच, पण मराठी हस्तलिखितेच तीन हजारांवर आहेत. त्यांत शहाजीराजांची नाटके. हे शहाजी व्यंकोजींचे चिरंजीव, राज्यकाळ १६८४ ते १७१२. मी म्हटले, "म्हणजे विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'च्या दीडशे वर्षं आधी मराठी नाटक इथे लिहिलं जात होतं."

"सांगलीच्या आधी?" खजिनदारीणबाई थबकल्या.

"सांगलीच्या आधी. सांगलीचा प्रयोग १८४३ चा."

त्यांनी त्या काचेच्या कपाटाकडे असे पाहिले की कपाटाने त्यांच्या माहेरचे दागिने लांबवले असावेत. पुढचा तासभर त्या माझ्याशी फक्त हिशेबापुरते बोलल्या.

डॉक्टरीणबाईंचे दैवत वेगळे निघाले. सरफोजीराजे दुसरे, १७९८ ते १८३२ या काळातले राजे. सत्ता कंपनीच्या हाती गेलेली, राजाकडे उरला किल्ला आणि तनखा. असा मोकळा वेळ मिळालेल्या इतर संस्थानिकांनी काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. या माणसाने ग्रंथ जमवले, श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याकडे शिकलेल्या विद्येला जागून छापखाना काढला, आणि १८०६ च्या सुमारास इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. 'बालबोध मुक्तावली' हे त्या पुस्तकाचे नाव. जगाचा भूगोल शिकवणारे 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक लिहिले. आणि धन्वंतरी महालात डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार चालवले, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियासुद्धा. त्या रोग्यांची टिपणे आणि डोळ्यांची चित्रे शिल्लक आहेत. डॉक्टरीणबाईंनी त्याविषयी आधीच वाचून ठेवले होते. आम्ही तिघी पाय दुखतात म्हणून बाकावर बसलो असताना त्या उभ्याने सांगत होत्या, "अगं, रोग्याला पुढे काय झालं ते राजानं लिहून ठेवलंय! आमच्याकडची शिकाऊ पोरं लिहीत नाहीत."

दुपारी जेवताना वाढप्याने सांबाराची कथा सांगितली. संभाजीराजे इथे आले, आमटीत घालायला आमसूल नव्हते, म्हणून चिंच घातली आणि त्या आमटीला राजांचे नाव पडले. कथा चविष्ट आहे; तिला कागदाचा आधार मात्र नाही, असे मी म्हणताच तिघीही माझ्यावर तुटून पडल्या. ग्रंथालयाने दुखावलेल्या सांगलीकरणीनेसुद्धा संभाजीराजांची बाजू घेतली. मी दुसरे सांबार मागवले.

दुसऱ्या दिवशी बृहदीश्वर. राजराज चोळाने १०१० साली पुरे केलेले हे देऊळ पाहून माणूस प्रथम गप्प होतो, आणि मग वाटाड्या येऊन त्याला बोलके करतो. दोनशे फुटांवर चढत गेलेले ते दगडी विमान आमच्या डोक्यावर, आणि वाटाड्या शपथेवर सांगत होता की याची सावली जमिनीवर पडत नाही. डॉक्टरीणबाईंनी नम्रपणे त्याचे लक्ष आमच्या पायांखाली वेधले. आम्ही सगळे त्या सावलीतच उभे होतो. "ही सकाळची," तो म्हणाला आणि नंदीकडे वळला.

मला जायचे होते ते प्राकाराच्या नैऋत्य बाजूला. तिथे भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. ओळीमागून ओळी, दगडामागून दगड. चोळांच्या देवळात, तमिळ देशात, आजूबाजूच्या कोणाला वाचता येणार नाही अशा लिपीत एवढे लांबलचक लिहून ठेवावे, ही हौस म्हणावी की भीती? राज्य तर तोवर हातचे गेलेलेच होते. मला ती भीती वाटली. घर बदलताना आपण डब्यांवर चिठ्ठ्या लावतो तशी.

मी मोठ्याने वाचू लागले. वर्गात वाचायची सवय, आवाज आपोआप शेवटच्या बाकापर्यंत जातो. चार ओळी झाल्या असतील, तोच सावलीला बसलेल्या एक बाई उठून आल्या. सत्तरीच्या पुढच्या, जरीकाठी साडी, केसांत मोगरा, कपाळावर कुंकू आणि विभूती. आम्ही त्यांना तमिळच समजलो होतो. त्यांनी विचारले, कुठल्या तुम्ही?

मराठीत विचारले.

त्यांचे मराठी इथे जसेच्या तसे उतरवून देत नाही. कागदावर ते विनोदी दिसेल, आणि ऐकताना ते मुळीच विनोदी नव्हते. सूर तमिळ, शब्द मात्र माझ्या आजीच्या तोंडचे. त्या इथल्याच, पिढ्यान्‌पिढ्यांच्या. शाळा तमिळमध्ये झालेली, त्यामुळे देवनागरी येत नाही. बहिणीला पत्र लिहायचे तर मराठीच, पण तमिळ अक्षरांत. या भिंतीवर आपल्या भाषेत काहीतरी लिहिले आहे हे लहानपणापासून माहीत, पण काय ते कोणी वाचून दाखवले नव्हते.

"वाचा तुम्ही," त्या म्हणाल्या.

वाचले. दगड तापू लागले होते, पाय अनवाणी. मी एका पायावरून दुसऱ्यावर नाचत वाचत होते. वाक्य कुठे संपते ते आपणच ठरवायचे, त्यामुळे चुकतमाकत. एखादे ओळखीचे नाव आले की मावशी मान हलवत, जणू बऱ्याच दिवसांनी नातेवाइकांची खुशाली कळते आहे. खजिनदारीणबाईंनी वेळेची आठवण करून दिली नाही, हे नमूद करण्यासारखे. आणि बंगळूरकरणीने स्वतःची छत्री मावशींच्या डोक्यावर धरली होती.

थांबले तेव्हा तिनेच विचारले, "मावशी, घरी मुलं बोलतात हे?"

मुलगे बोलतात, त्या म्हणाल्या. नातू परदेशात आहे, त्याला समजते, बोलत नाही.

"मग तुम्ही काय करता?"

मावशींना प्रश्नच कळला नाही. बंगळूरकरणीने पुन्हा विचारला. तेव्हा त्या म्हणाल्या, काय करायचे? मी त्याच्याशी दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलू?

मग विषय जेवणावर गेला, हे चार बायकांच्या सहवासात अटळ होते. त्यांच्याकडे डांगर पच्चडी करतात. उडदाचे पीठ, दही, मिरची, वरून मोहरी-हिंगाची फोडणी. "अगं, हे तर आपलं डांगर!" खजिनदारीणबाई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की नंदीजवळची मंडळी वळून पाहू लागली. रसवांगीही निघाली, कोशिंबिरीची कोसुमल्ली झालेली निघाली. सांगलीचा मान बराचसा परत मिळाला.

संध्याकाळी मान डोलावणाऱ्या बाहुल्या घेतल्या, चार घरांसाठी सहा. का सहा, ते खजिनदारीणबाईंच्या वहीत आहे.

परतीच्या गाडीत डॉक्टरीणबाई लगेच झोपल्या. मी वहीत डांगराची कृती उतरवून घेत होते. बंगळूरकरीण समोर बसून मोबाइलवर तीच कृती मुलाला पाठवत होती; मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत. खाली लिहिले, उद्या करून घालीन. बराच वेळ काही आले नाही. मग आले. तिने ते वाचले, पुन्हा वाचले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. एकच ओळ होती: आई, हे आंबट लागतं का?

"इंग्रजी अक्षरांत आहे," मी म्हटले.

"तू गप्प बस," ती म्हणाली, आणि खजिनदारीणबाईंना दाखवायला उठली.