उजवीकडून वाचायचा कागद

पंचवीस वर्षं मी मुलांना इंग्रजी शिकवते आहे. वर्गात माझं एक ठरलेलं वाक्य आहे: प्रश्नपत्रिका हातात आली की आधी सूचना वाचा. गेल्या हिवाळ्यात एका स्वेटरच्या अकरा पानी कागदाने मला घरातच नापास केलं, तेही अम्मीसमोर.

झालं असं की माझी मुलगी लीड्सला असते. तिला सहावा महिना लागला आणि तिने फोनवर नानीकडे हट्ट धरला की बाळाचं पहिलं स्वेटर तुमच्याच हातचं हवं. अम्मीने आयुष्यभर क्रोशाच्या टोप्या विणल्या. नमाजाची पांढरी जाळीची टोपी, बारीक दोरा, त्याहून बारीक सुई. मिरजेच्या आमच्या गल्लीत असं एकही घर नव्हतं जिथे अम्मीच्या हातची टोपी खुंटीला टांगलेली नसेल. आता एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, बारीक दोरा दिसत नाही. पण जाड लोकर चालते. मुलीने एका अमेरिकन बाईचा नमुना विकत घेऊन पाठवला. मी तो दुकानातून छापून आणला आणि अम्मीसमोर चष्मा लावून बसले. काम सरळ वाटलं. अम्मीला विणता येतं, मला वाचता येतं.

टोपीला अम्मीने कधी कागद पाहिला नव्हता. मधल्या कड्यात १२ खांब, पुढच्या फेरीत २४, मग ३६, दर फेरीला १२ वाढवत जायचं, म्हणजे ताटलीसारखी सपाट बसते. मग वाढवणं थांबवलं की कडा आपोआप उभ्या राहतात. माप म्हणजे स्वयंपाकघरातली एक ठरलेली स्टीलची वाटी. एवढाच नमुना, आणि तो सगळा तिच्या बोटांत.

स्वेटरच्या कागदात पहिल्याच ओळीला ‘डीसी’ होतं. डबल क्रोशे. मी मोठ्या आवाजात सांगितलं, “डबल.” अम्मीने विचारलं, “डबल मतलब? दोरा सुईपे दो बार?” मी म्हटलं असणार. डबल म्हणजे दुहेरी, आणि आपल्याकडे दुहेरी खांब आहेच. चार ओळी झाल्यावर जे तयार झालं त्यातून बाळाचा हात कुठूनही बाहेर आला असता. मासे धरायचं जाळं.

मग मला वाटलं, मुलगी इंग्लंडमध्ये, तर नमुनाही तिथल्या भाषेत असणार. शोधल्यावर कळलं की इंग्लंडमध्ये ‘डबल क्रोशे’ म्हणतात ते आपल्या मुक्या खांबाला. पुन्हा सगळं उसवलं, मुका खांब घातला. आता ते इतकं बुटकं आणि घट्ट झालं की पायपुसणं म्हणून शोभलं असतं. अम्मी काही बोलली नाही. फक्त लोकर गुंडाळताना माझ्याकडे बघत राहिली.

गंमत अशी की तोच शब्द दोन देशांत दोन वेगळ्या टाक्यांना वापरतात. इंग्लंडचा डबल म्हणजे अमेरिकेचा सिंगल, आपला मुका खांब. इंग्लंडचा ट्रेबल म्हणजे अमेरिकेचा डबल, आपला साधा खांब. अमेरिकेचा ट्रेबल म्हणजे इंग्लंडचा डबल ट्रेबल, आपला दुहेरी खांब. सगळी शिडीच एका पायरीने सरकलेली. कुठल्या देशाचा नमुना आहे हे ओळखायची खूणही साधी आहे: इंग्लंडच्या पद्धतीत ‘सिंगल क्रोशे’ असा टाकाच नसतो. कागदात कुठेही ‘एससी’ दिसलं की तो अमेरिकेचा. आमच्या कागदात ते पाचव्या पानावर होतं. आणि अकराव्या पानावर सगळ्या आद्याक्षरांची यादी होती. सूचना आधी वाचा, असं वर्गात कोण सांगतं ते मी वर लिहिलं आहेच.

अम्मीला हे ऐकून हसू आलं. ती म्हणाली, मुका, अर्धा, पुरा, दुहेरी, यात समजायला काय कठीण आहे?

मापाचं त्याहून वेगळं. कागदावर आकडे असे होते: ३६ (४०, ४४, ४८). कंसाबाहेरचा आकडा सगळ्यांत लहान बाळाचा, मग सहा महिन्यांचा, मग वर्षाचा, मग दीड वर्षाचा. हा क्रम अकरा पानं तसाच चालतो, आपण आपल्या जागेचा आकडा धरायचा. मी लाल पेनाने प्रत्येक कंसातला पहिला आकडा घेरून टाकला. सहा महिन्यांच्या मापाला पाठीचे ४० खांब. नमुन्याच्या हिशेबाने १० सेंटिमीटरला १६ खांब बसायला हवेत, म्हणजे पाठ २५ सेंटिमीटर आणि छातीचा पूर्ण घेर ५०. बाळाची छाती ४३ च्या आसपास धरली आहे. उरलेली ढिलाई अंगात घालण्या-काढण्यासाठी.

पण अम्मीचा हात टोपीचा. घट्ट. तिने चौकोनी तुकडा विणून दाखवला, टेप लावली, तर १० सेंटिमीटरला १८ खांब. म्हणजे ४० खांबांची पाठ जेमतेम २२ सेंटिमीटर आणि घेर साडेचव्वेचाळीसच्या आत. बाळ त्यात गेलं असतं, पण बाहेर आलं नसतं. मी म्हटलं, हात जरा सैल सोड. पन्नास वर्षांचा हात असा सांगून सैल सुटतो का? मोठी सुई आणायची तर ती म्हणाली, नक्को, याच सुईची सवय झाली. मग आम्ही दोघींनी वहीवर गणित मांडलं. २५ सेंटिमीटरला १८ च्या हिशेबाने ४५ खांब लागतात. कागदात वर्षाच्या बाळाला ४४ आहेत. तर रुंदीचे आकडे वर्षाच्या बाळाचे घ्यायचे, आणि उंची मात्र सेंटिमीटरमध्ये सहा महिन्यांची. लाल वर्तुळं खोडून सगळीकडे हिरवी केली. हे जमलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आम्ही दोघी एका बाजूला आहोत.

ते वाटणं दोन दिवस टिकलं.

तिसऱ्या दिवशी मी पाठीचे खांब मोजले तर ४३ भरले. कागदावर ४४. मी अम्मीला म्हटलं, एक कमी आहे, उसव. ती म्हणाली, बराबर है. मी पुन्हा मोजून दाखवले, बोट ठेवून, जसं पोरांना दाखवते तसं. तिने उसवलं. मग मी कागदाकडे बघत म्हटलं, ओळ उलटल्यावर ३ साखळ्या घाल, आणि पहिल्या टाक्यातसुद्धा खांब घाल, म्हणजे एक सुटणार नाही. तिने तसंच केलं. पुढच्या ओळीला ४५ झाले, मग ४६, मग ४७. पाठ वरच्या बाजूला पतंगासारखी पसरत गेली. मी म्हटलं, अम्मी, तू कुठेतरी जास्तीचा घालतेस. पुन्हा उसव.

तिने सुई लोकरीत खोचली, पिशवी बंद केली आणि वजू करायला उठली. त्या रात्री जेवताना ती माझ्याशी बोलली नाही. माझ्या नवऱ्याला मात्र सांगितलं की इंग्रजीत एवढं लिहिलंय, पण एक ओळ कुठे संपते तेवढं लिहिलेलं दिसत नाही.

लिहिलेलं होतं. पहिल्या पानावर, फोटोच्या खाली, बारीक अक्षरात: सुरुवातीच्या ३ साखळ्या सगळीकडे एक खांब म्हणून धराव्यात. म्हणजे पहिला टाका सोडायचा, कारण त्याच्यावर साखळी उभी आहे, आणि ओळीच्या शेवटी खालच्या साखळीच्या टोकात खांब घालायचा. अम्मी पहिल्यापासून नेमकं तेच करत होती. ४३ खांब आणि एक साखळी, बेरीज ४४. साखळी मोजायची असते हे मला माहीत नव्हतं, आणि जिला माहीत होतं तिच्याकडून मी दोनदा उसवून घेतलं होतं.

अम्मीला मी लहानपणापासून या टोप्यांसोबत पाहत आले. एक व्यापारी डझनाने टोप्या घेऊन जायचा. माझ्या शाळेची फी, पहिली सायकल, त्यातूनच आली. तरी रेशनकार्डाच्या फॉर्मवर अम्मीच्या नावापुढे कायम ‘गृहिणी’च. कॉलेजात असताना मी मारिया मीस यांचं नरसापूरच्या लेसकाम करणाऱ्या बायांवरचं १९८२ चं पुस्तक वाचलं होतं. गोदावरीच्या मुखाकडल्या त्या बाया परदेशी बाजारासाठी क्रोशा विणत, आणि त्यांचं काम मात्र घरबसल्या फावल्या वेळातलं समजलं जाई. मी त्या पुस्तकावर निबंध लिहून चांगले मार्क मिळवले होते. आणि इथे माझ्याच अम्मीच्या हातातलं बरोबर काम मी कागदाच्या जोरावर चूक ठरवलं होतं.

सकाळी फजरनंतर मी तिच्याजवळ जाऊन सांगितलं, “अम्मी, तेरा बराबर था.” तिने फक्त एवढंच विचारलं, “अब मोजूं कायकू?” आणि पिशवी उघडली.

पुढचा अडथळा गळ्याचा. पुढच्या भागाला गळ्याकडे दर दुसऱ्या ओळीला दोन खांब एकत्र घेऊन एक कमी करायचा, असं लिहिलं होतं. आम्ही सहा ओळी केल्या. मग पान उलटलं तर तिथे: ‘त्याच वेळी’ मुंढाही कमी करत जावा. त्याच वेळी! ही दोन कामं एकदम चालायची होती, पण कागदावर ती एकामागे एक येतात आणि आधी काय ते नंतर कळतं. सहा ओळी गेल्या. या वेळी मी स्वतः उसवल्या.

आणि डाव्या भागासाठी सबंध एक वाक्य: उजव्यासारखाच, आकार उलटे करून. डावं कुणाचं, बघणाऱ्याचं की घालणाऱ्याचं? घालणाऱ्याचं, हे मला शोधावं लागलं. तोवर अम्मी दहाव्या पानावरचं चित्र बघत होती. मी ते शोभेचं समजले होते. बारीक अंडाकृती ठिपके, फुल्या, आणि मान आडवी कापलेले खांब. तिने विचारलं, ही साखळी ना? हा मुका. ज्याच्या अंगावर एक तिरकी रेघ तो खांब, दोन रेघा तो दुहेरी. कुणी सांगितलं नव्हतं. टाका जसा दिसतो तसंच चिन्ह आहे. ती जाळीच्या कडेची आकृती होती.

मी डावीकडून वाचायला सुरुवात केली आणि जुळेना. अम्मीने माझं बोट उचलून उजव्या टोकाला ठेवलं. ती उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकली, तिचा कागद उजवीकडूनच सुरू होतो. आणि ही आकृतीही तशीच वाचायची असते, कारण उजव्या हाताने विणणारीचे टाके उजवीकडून डावीकडे पडतात. दुसरी ओळ डावीकडून, कारण काम उलटवलेलं असतं. नांगराचा बैल शेताच्या टोकाला वळतो तसं. ओळीचा आकडाही आलटून पालटून त्या त्या टोकाला छापलेला होता. मी तो पानाचा क्रमांक समजत होते.

त्या दुपारी तिने माझ्याकडून चौकटीची वही मागितली आणि डावा भाग स्वतः काढला. एका चौकटीत एक खांब, मुंढा एका बाजूला, गळा दुसऱ्या, दोन्ही एकाच ओळीत दिसतील असे. कडेला उर्दू आकडे. माझी अकरा पानं मग कुणी पाहिली नाहीत.

जानेवारीत एका नातेवाइकाबरोबर स्वेटर गेलं. बाळ झाल्यावर चार महिन्यांनी फोटो आला. आम्ही सगळे फोनभोवती गोळा होऊन नाक कुणावर गेलंय यावर वाद घालत होतो. अम्मीने फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, चेहरा बाजूला सरकवला आणि गळ्याजवळचे खांब मोजायला लागली.