टीटीएफ नावाची किल्ली

युनिकोडच्या आधीचं मराठी टायपिंग म्हणजे एक हातचलाखीच होती. पेजमेकरला मराठी कळतच नसे. तो इंग्रजी अक्षरांचे नंबर साठवायचा. त्या नंबरांवर मराठी आकार बसवलेले असत ते फॉन्टच्या टीटीएफ फाइलमध्ये. ती गेली, की पानभर रोमन कचरा.

कळंबच्या घरात अब्बांच्या आठवणी एका सीडीवर अशाच पडून होत्या. २००२ साली मंचरला टाइप करून घेतलेली पीएमडी फाइल. सगळे म्हणाले, करप्ट झाली. करप्ट कसली, फॉन्ट नव्हता! दुसरा कुठलाही चालेना. १९९१ साली 'इस्की' हे सरकारी मानक आलं होतं, पण डीटीपीच्या फॉन्टांनी आपापलेच नंबर ठेवले.

जुनी टीटीएफ त्या टाइपवाल्याकडेच सापडली. घरी जुना कॉम्प्युटर असेल तर भंगारात देण्याआधी त्याचा फॉन्ट फोल्डर तेवढा कॉपी करून ठेवा.

युनिकोड करतानाही 'निकाह'ची वेलांटी आणि 'कुर्बानी'चा रफार घसरले. जुन्या फॉन्टात वेलांटी अक्षराआधी, रफार अक्षरानंतर. युनिकोडात नेमकं उलट. आता एकेक शब्द हाताने लावतोय. अम्मी शेजारी बसून ऐकते, मध्येच अब्बांची तारीख दुरुस्त करते.