देवगिरीचे जावईबापू

मुलांनो, जावई घरी यायचा म्हटलं की आपल्याकडे केवढी धांदल उडते! धोंड्याच्या महिन्यात तर विचारूच नका. पुरणाचे धोंडे, वाटीभर तूप, नवे कपडे! पण तोच जावई सासुरवाडीला कायमचा राहिला, की लोक त्याला 'घरजावई' म्हणतात आणि गालातल्या गालात हसतात. आज मी एका जावयाचीच गोष्ट सांगणार आहे. हा जावई सासऱ्याच्या गादीवर बसला. त्याचं नाव हरपालदेव.

आमच्या जालन्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत बसलं, की छत्रपती संभाजीनगरच्या पुढे दौलताबाद स्टेशन लागतं. तिथला किल्ला म्हणजेच देवगिरी, यादवांची राजधानी. सिंघणदेवाच्या काळात त्यांचं राज्य नर्मदेपासून तुंगभद्रेपर्यंत पसरलं होतं. पुढे 1271 साली रामदेवराय गादीवर आला. 1290 साली ज्ञानेश्वरी लिहून झाली, ती याच राजाच्या काळात बरं का!

हरपालदेव हा या रामदेवरायाचा जावई. त्याच्या हाती काय आलं, याचा आपण हिशेब मांडू. 1296 साली अल्लाउद्दीन खलजी अचानक देवगिरीवर चालून आला. मुख्य फौज राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर होती. किल्ल्यात घाईघाईनं भरलेली धान्याची पोती उघडली तर आत मीठ निघालं, अशी हकीकत सांगतात. रामदेवरायानं अपार धन देऊन तह केला आणि दरसाल खंडणी कबूल केली. पुढे खंडणी थकली, तेव्हा मलिक काफूरनं त्याला दिल्लीला नेलं. तो परत आला, पण सुलतानाचा मांडलिक म्हणून. त्याच्यामागे शंकरदेवानं खंडणी बंद केली. 1313 साली तो लढाईत मारला गेला आणि देवगिरी खलजींच्या ताब्यात गेली.

खजिना लुटलेला, फौज खचलेली, किल्ल्यात परक्यांची माणसं. हा झाला हरपालदेवाचा वारसा!

1316 साली अल्लाउद्दीन वारला. दिल्लीत गादीसाठी भांडणं लागली. ती संधी साधून हरपालदेवानं सुलतानाचे अंमलदार हाकलले आणि स्वतंत्र राजा म्हणून उभा राहिला. पण फार काळ नाही. नवा सुलतान मुबारक खलजी स्वतः चालून आला. 1318च्या सुमारास हरपालदेव पकडला गेला आणि त्याला क्रूरपणे ठार मारण्यात आलं. यादवांचं राज्य संपलं.

मी ही गोष्ट वर्गात सांगितली, तेव्हा एक मुलगा पटकन म्हणाला, "म्हणजे बाई, जावयानं राज्य घालवलं!" सगळा वर्ग हसला. मला मात्र माझे बाबा आठवले.

माझे बाबा घरजावई. आईला भाऊ नव्हता, म्हणून आजोबांच्या मागे शेत बाबांनी सांभाळलं. आजोबांनी लावलेली मोसंबीची बाग होती. 2012 साली पाऊस रुसला. नव्या जालन्याला पाणी देणारा घाणेवाडीचा तलावसुद्धा तळाला गेला. बाबांनी टँकर विकत घेऊन झाडं जगवायची धडपड केली. पण उन्हाळ्यात बाग वाळलीच. शेवटी झाडं तोडून सरपणाला विकली. पारावर लोक म्हणायचे, "सासऱ्यानं लावली अन् जावयानं वाळवली!" बाबा खाली मान घालून घरी यायचे.

एकदा आजीनं ते ऐकलं. ती पारापाशी गेली आणि सगळ्यांना म्हणाली, "आधी हिरीत वाकून बघा, मग माझ्या जावयाला बोला!"

विहीर आजोबांच्या काळापासूनच खाली खाली चालली होती. सोसायटीचं कर्जही तेव्हाचंच. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण शेवटचा माणूस तेवढा डोळ्यांवर आला.

म्हणजे दोष कुणाचाच नसतो का? तसंही नाही हं! दूर जेरुसलेमला गी द लुझिन्यां नावाचा राजा होता. त्याची बायको सिबिला राणी झाली, म्हणून 1186 साली हा राजा. पुढच्याच वर्षी, ऐन जुलैत, 'पाण्याची जागा सोडू नका' असं समजावलेलं असतानाही त्यानं फौज कोरड्या मुलखातून नेली. तहानलेली फौज हत्तीनच्या लढाईत हरली आणि काही महिन्यांत जेरुसलेमसह बहुतेक राज्य गेलं. ही चूक त्याची स्वतःची होती.

हरपालदेवाचं तसं नव्हतं. मोडकं राज्य हाती आलं, तरी मुकाट्यानं खंडणी भरत सुखानं राहणं त्यानं पत्करलं नाही.

1327 साली महंमद तुघलकानं याच किल्ल्याला राजधानी केलं आणि दौलताबाद हे नाव पुढे रूढ झालं. सहलीला तिथं जाल, तेव्हा रामदेवरायाबरोबर त्याच्या जावयाचंही नाव घ्या. आणि 'अमक्यानं घालवलं' असं कुणी म्हणालं, तर विचारा, "त्याच्या हाती आलं, तेव्हा किती उरलं होतं?"