दगडावरचा 'येथे'



'येथे', 'तेथे', 'आज', 'काल' यांसारख्या शब्दांचा अर्थ बोलणाऱ्याच्या स्थळाकाळावरून ठरतो, हे तुम्ही भाषाविज्ञानाच्या घटकात वाचले आहे. फोनवर कोणी 'इथं पाऊस आहे' असे म्हणाले, तर तो कोठून बोलतो आहे हे कळल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. थडग्यावर कोरलेल्या 'येथे' या शब्दाला ही अडचण नाही; दगड जेथे, तेथेच त्याचा अर्थ. पण दगडच उचलून दुसरीकडे नेला तर?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात असे घडले. बॉस्टन शहराला पाणी कमी पडू लागले, म्हणून स्विफ्ट नदीच्या खोऱ्यात जलाशय बांधायचे ठरले. डेना, एनफील्ड, ग्रीनविच आणि प्रेस्कॉट ही चार गावे २८ एप्रिल १९३८ रोजी कायद्याने संपुष्टात आली. सुमारे अडीच हजार माणसे उठली. जिवंतांबरोबर मृतांनाही हलवावे लागले. खोऱ्यातल्या दफनभूमींतून सुमारे साडेसात हजार मृतांचे अवशेष काढण्यात आले आणि त्यांतील बहुतेकांना वेअर गावाजवळ मुद्दाम आखलेल्या नव्या दफनभूमीत पुन्हा पुरले गेले. त्यांचे जुने दगडही तेथे उभे राहिले.

आता त्या दगडांवरचा 'येथे' खरा की खोटा? देह दगडाखालीच आहे, म्हणजे वाक्य खरे. पण ज्या 'येथे'साठी कारागिराने छिन्नी धरली, ती जागा दूर राहिली. डेनाच्या बाबतीत तर ती पाण्याखालीही नाही. गावाच्या मध्यावरची जागा पाण्याबाहेरच राहिली. आज तेथे घरांच्या तळघरांचे खड्डे आहेत, वाढलेली झाडे आहेत आणि मृतांना हलवून रिकामी केलेली दफनभूमी आहे. स्मशान ओस पडले असे आपण सहज म्हणून जातो. ते खरोखर ओस पडणे म्हणजे काय, हे मला डेनामुळे उमगले.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. इंग्लंडमधील याच नावाच्या गावाचा उच्चार 'ग्रेनिच' असा होतो. या खोऱ्यातले लोक मात्र आपल्या गावाला 'ग्रीन-विच' म्हणत. उच्चाराची कबर कोण हलवणार? आणि जलाशयाला दिलेले 'क्वाबिन' हे नाव निपमक या मूळ रहिवाशांच्या भाषेतले, अनेक पाण्यांचे स्थान अशा अर्थाचे. ग्रीनविचचे पहिले नावही तेच होते.

आपल्याकडे नाव निराळ्या वाटेने टिकते. गोव्यातील कुर्डी गाव साळावली धरणात गेले, पण मोगूबाई कुर्डीकरांच्या आडनावात ते राहिले. त्यातला '-कर' प्रत्यय आपल्याला इतका सवयीचा आहे की, तो एका बुडालेल्या गावाचा पत्ता सांगतो हे चटकन लक्षात येत नाही.

माझे आजोळही एका धरणाखाली गेले. देव वाजतगाजत नव्या गावठाणात आणले गेले. स्मशानातून आणण्यासारखे काही नव्हते. ज्यांना अग्नी दिला, त्यांच्या अस्थी नदीने केव्हाच नेल्या होत्या. पण तान्ह्या मुलांना आपल्याकडे अग्नी देत नाहीत, पुरतात. आजीचे पहिले मूल दीड महिन्यांचे होऊन गेले, ते मळ्याच्या बांधाशी पुरले होते. त्यावर दगड नव्हता, मग अक्षरे कोठली? बांधाचा मोबदला मिळाला. त्या जागेचा उल्लेख कोणत्याही कागदावर नव्हता.

मुले किती, असे कोणी विचारले की आजी म्हणे, "चार. तीन हितं, एक तिथं." विचारणारा बहुधा समजे की, चौथा मुंबईला नोकरीला असेल. आजी त्याला दुरुस्त करीत नसे.