रिकामा डबा

‘‘ताई, ह्यात कायपन नाय. ओतू काय?’’

टेम्पोवाल्याच्या पोऱ्याने डबा कलता केलासुद्धा होता. मी जिन्यातून अशी ओरडले की खालच्या मजल्यावरचे आजोबा टॉवेलातच बाहेर आले. गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला निघालेली. तीन वर्षांसाठी म्हणून बिऱ्हाड परळला हलवत होतो. (बिल्डरच्या तोंडचं ‘तीन वर्षं’ कुठल्याच कॅलेंडरात सापडत नाही.) कपाट गेलं, आजीची घडवंची गेली, तेव्हा मी हिशेबाच्या वहीत डोकं घालून उभी होते. आणि रॉकेलच्या एका गंजक्या डब्यासाठी घसा बसवून घेतला.

पोऱ्याचं काही चुकलं नव्हतं. जानेवारीत त्या डब्यात भेगाळलेली माती, दोन जळक्या काड्या आणि कुणीतरी खोचलेली उदबत्ती, एवढाच ऐवज असतो. खाली भुईचाफा निजलेला असतो.

हे कंद आजीने संगमेश्वराकडच्या माहेराहून आणलेले, राखेत घोळवून, फडक्यात बांधून. नाव चाफ्याचं, पण गोत आल्या-हळदीचं. घरच्या हळदीला आधी पानं येतात, मग फूल. ह्याचं सगळं उलटं. उन्हाळ्याच्या तोंडी, झाडाचा मागमूस नसताना, मातीतून थेट फूल वर येतं. देठ नाही, पान नाही. पांढऱ्या पाकळ्या, त्यांत जांभळी जीभ, आणि वास असा की माणसाला गुडघे टेकावेच लागतात. एक फूल दिवसभराचं. उद्या त्याच्या शेजारी दुसरं. फुलं आटोपली की सावकाश पानं येतात, वरून हिरवी नक्षी, खालून वांगी रंगाची.

तुळशीचं लग्न लागलं की आजी त्याचं पाणी तोडायची. ‘‘आता त्याला उठवू नका,’’ म्हणायची, आणि डबा जिन्याखाली सरकायचा. तिथे त्याच्यावर रद्दी चढायची, क्रिकेटमध्ये तो स्टंप व्हायचा, मांजर त्यात ऊन खात बसायचं.

१९८२च्या जानेवारीत धाकटे काका लालबागहून आमच्याकडे राहायला आले. १८ तारखेला गिरण्यांचा संप सुरू झाला होता. अडीच लाखांच्या आसपास माणसं घरी बसली, त्यांतले एक आमचे काका, साचेखात्यातले. आयुष्यभर साच्यांच्या खडखडाटात राहिलेला माणूस, घरातसुद्धा ओरडूनच बोलायचा; चाळीतल्या त्या दुपारच्या शांततेत त्यांना काय करावं कळेना. त्यांनी तो डबा जिन्याखालून ओढला, गॅलरीत ठेवला, त्यावर पाट टाकला आणि बसले. रोज. सकाळी पेपर, मग बिडी, मग नुसतेच. आम्ही पोरं त्यांच्या गुडघ्यांना वळसा घालून धावायचो. दुपारी कुणी सोबती आला तर बोलणं तेच: संपाचे पुढारी दत्ता सामंत काय म्हणाले, अमक्याने गावाची वाट धरली, तमक्याच्या बायकोने खानावळ वाढवली. बोलणं संपलं की काका पाटाखाली बोटाने डबा वाजवत बसायचे. एका ठेक्यात. तो साच्यावरच्या धोट्याचा ठेका होता, हे मला फार उशिरा कळलं.

पाडवा जवळ आला तेव्हा आजी म्हणाली, ‘‘ऊठ रे आता. त्याची वेळ झाली.’’

काका उठले. पाट काढला. खाली दोन फुलं आली होती, अंधारात, चेपलेली, डब्याच्या कडेकडेने तिरकी वाट काढत. काकांनी बराच वेळ पाहिलं. मग पाट घेऊन आत गेले आणि जेवायला त्याच्यावर बसले. त्या दिवसापासून पाणी तेच घालायचे, तांब्याने नाही, हाताच्या ओंजळीतून. गिरणी काही पुन्हा सुरू झाली नाही.

मीही मध्यंतरी एक उद्योग करून पाहिला. ट्यूलिप. श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी ट्यूलिपची बाग खुली झाली, आणि तेव्हापासून आमच्या ओळखीत प्रत्येकाचा त्या फुलांपुढे काढलेला फोटो आहे. मला फोटो नको होता. ऑनलाइन सहा गड्डे मागवले. त्यांना तीनचार महिने चांगली थंडी लागते आणि मुंबईची थंडी म्हणजे मफलर वापरायची हौस, म्हणून ते फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवले. शेजारी सफरचंदं. पुढे कुंडीत पानं आली, झकास, मेणचट, निळसर. फूल नाही. पिकत्या सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो आणि गड्ड्यात आधीच घडून बसलेली कळी आतल्या आत मरते, हे नंतर वाचलं. खरं सांगायचं तर मला फारसं वाईट वाटलं नाही. फुलाला फ्रीजमध्ये ठेवून वसंत दाखवणं मला जरा हुंड्यासारखंच वाटतं. दादरच्या फूल मार्केटात पहाटे निशिगंधाचे ढीग पडतात, तोही कंदच, मेक्सिकोहून आलेला. त्याने कुणाकडे कधी थंडी मागितली नाही. (एकेरीच घ्यावा. डबल दिसायला भरगच्च, पण वासाला कंजूष.)

परळच्या एकोणिसाव्या मजल्यावर डब्याला गॅलरी नाही, ग्रिल आहे. चैत्र कोरडा गेला. वैशाखात एक फूल आलं, एकच, तेही मी ऑफिसला असताना.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर शेजारच्या ग्रिलमध्ये मात्र गुलाबी गर्दी उडाली. रेन लिली. त्यांचं शास्त्रीय नाव झेफिरँथस, ग्रीकांच्या पश्चिमवाऱ्याचं फूल. नाव देणाऱ्याच्या मनात मुंबई नसणार, पण आमच्याकडे पाऊस त्याच अंगाने येतो, चौपाटीवरून, आडवा. आठवडे कोरडे काढल्यावर एक जोरदार भिजवण मिळाली की चारपाच दिवसांत कांदे फुलतात. शेजारीण ओळखीची नाही; लिफ्टमध्ये हसतो इतकंच. तिच्याकडे कुंडीही नाही. बाजारातला थर्माकोलचा खोका आहे, आणि फुलांच्या खाली, पावसाने अर्धवट पुसलेलं, निळ्या मार्करने लिहिलेलं आहे: पापलेट, मोठे.