७१ प्रती शिल्लक

गेल्या डिसेंबरात पुण्यातल्या एका हस्तकला प्रदर्शनात नातीबरोबर दोन दिवस दुकान मांडलं होतं. विकायला काय, तर आम्ही घरी केलेलं कॉमिक. ८० प्रती नेल्या, ९ खपल्या. त्यातल्या ३ माझ्या धाकट्या जावेने घेतल्या, त्या धरायच्या की नाही ते तुम्हीच ठरवा. एका प्रतीचे ६० रुपये आणि टेबलाचं भाडं १५००. मी भाषेची बाई, पण एवढं गणित मलाही येतं!

गोष्ट खरी घडलेली. १९७८ साली मी माण तालुक्यात शिकवत होते. मधल्या सुट्टीत एक शेळी वर्गात शिरली आणि पाचवीचा हजेरीपट खाऊन गेली. शब्द माझे, चित्रं नातीची. चार कागद दुमडून सोळा पानं, मध्ये सुईदोऱ्याचे टाके. आत झेरॉक्स, पण मुखपृष्ठावरची शेळी तिने प्रत्येक प्रतीवर ब्रशने रंगवली होती.

पहिल्या दिवशी आम्ही नुसता गठ्ठा ठेवला होता. शेजारच्या गोधडीवाल्या म्हणाल्या, "अहो बाई, पडलेलं कोण बघतं? दोरीवर टांगा." टांगल्यावर लोक थांबायला लागले. मग आत बघून, "झेरॉक्सच आहे की!" चूक त्यांची नाही. ते हातचं काम घ्यायला आलेले, आणि यंत्राने नेमका हातच पुसून टाकला होता. एका गृहस्थांनी तर मूळ चित्राचीच किंमत विचारली. नातीने दिलं नाही. (मी दिलं असतं.)

मुलं मात्र उभ्या उभ्या अख्खं कॉमिक वाचून काढायची. इतकी वर्षं वर्गातले चेहरे वाचलेत, त्यामुळे मला पुस्तकापेक्षा चेहरेच दिसत होते. अकराव्या पानावर शेळीला हसायची. सोळाव्या पानावर चेहरा उतरायचा आणि कॉमिक टेबलावर परत.

सोळाव्या पानावर बोट वर केलेल्या बाई होत्या. वस्तू जागच्या जागी ठेवाव्यात, वगैरे. ते पान माझ्या हट्टाचं. नातीला हवं होतं की दुसऱ्या दिवशी बाईंनी शेळीला समोर उभं करून हजेरी घ्यावी, नावं तिच्याच पोटात आहेत ना! मी म्हटलं, गोष्टीतून काही घेण्यासारखं हवं. ती "बरं आजी" म्हणाली. मला वाटलं, पटलं. वर्गातही गप्प बसलेल्या पोरांबद्दल मला असंच वाटायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका मुलाने शेवटचं पान उलटसुलट करून विचारलं, "मग शेळीचं काय झालं?"

मी नातीकडे पाहिलं. ती दोरीवरचे चिमटे नीट करत राहिली. मग मीच त्याला तिचा शेवट सांगितला, भर प्रदर्शनात शेळीच्या आवाजात हजेरी दिली. गोधडीवाल्या बाईही हसल्या. त्याच्या आईने प्रत घेतली. "हा शेवट या ताईचा आहे बरं का," मी म्हटलं, तेव्हा कुठे नातीने मान वर केली.

सध्या ७१ प्रतींच्या सोळाव्या पानावर नवं चित्र चिकटवणं चालू आहे. चाळीसेक झाल्या. काल मी नुसतं म्हटलं, "बँऽऽ"वरचा अनुस्वार अर्धचंद्रात नीट बसला नाहीये. तिने माझ्या हातातलं पेनच काढून घेतलं.